पाण्यावरून महायुद्ध होणार का, आणि वरचा देश खरंच नळ बंद करू शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "पुढचं महायुद्ध पाण्यावरून होणार असं सगळीकडे वाचतो. क्लायमेट चेंजमुळे पाणी कमी होत जाणार, मग वरचे देश नळ बंद करणार आणि खालचे लढायला उठणार. यात खरं किती आणि नुसता बाऊ किती?"

मी जलविज्ञानातला माणूस आहे. नद्यांचा विसर्ग मोजणं, धरणाच्या येव्याचा, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याचा हिशोब ठेवणं, आणि एकाच नदीवर दोन पक्ष बसलेले असले की त्यांच्या टेक्निकल बैठकीसाठी आकडे तयार करणं हेच बरीच वर्षं केलंय. त्यामुळे सैन्य, डावपेच वगैरे माझ्याकडून मिळणार नाही, पण भांडण जिथे सुरू होतं ती जागा मला बऱ्यापैकी माहितीये आणि ती जागा बहुतेक वेळा कुठल्यातरी आकड्यापाशी असते.

आधी प्रश्न जरा सोडवून घेऊ, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. देश पाण्यासाठी युद्ध करतात का, हा एक. वरच्याला पाणी अडवणं जमतं का, हा दुसरा. आणि हवामान बदलल्याने नक्की काय बिघडतं, हा तिसरा. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि "पाणी कमी, म्हणून युद्ध" या एका वाक्यात ती बसत नाहीत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. निव्वळ पाण्यासाठी दोन राज्यांनी युद्ध केल्याचं जे पक्कं उदाहरण अभ्यासक देतात ते लगाश आणि उम्मा या सुमेरियन नगरराज्यांचं, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधलं, सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचं. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत ॲरन वुल्फ आणि त्यांच्या टीमने १९४८ ते १९९९ या काळातल्या देशांमधल्या पाण्यासंबंधीच्या सुमारे १८०० घटना गोळा केल्या होत्या, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश सहकार्याच्या निघाल्या. खरी हिंसा झाली अशा ३७, आणि त्यातल्या ३० एकट्या इस्रायल आणि त्याच्या शेजाऱ्यांमधल्या. बाकी काय होतं तर पत्रव्यवहार, निषेध, राजदूताला बोलावणं आणि शेवटी कंटाळून करार.

यामागे एक कारण आहे ज्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. जगात नद्यांतून आणि जमिनीतून जेवढं गोडं पाणी उचललं जातं त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं. एक किलो गव्हाला ढोबळमानाने हजार लिटरच्या पुढे पाणी लागतं, म्हणजे ज्या देशाकडे पाणी नाही त्याने गहू आयात केला की त्याने हजारपट पाणीच आयात केलं. टोनी ॲलन या भूगोलतज्ज्ञांनी यालाच 'आभासी पाणी' म्हटलं, आणि पश्चिम आशियात इतकं कोरडं असूनही पाण्यावरून मोठी युद्धं का होत नाहीत याचं त्यांचं उत्तर हेच होतं. युद्धापेक्षा धान्याची बोट स्वस्त पडते. मात्र यात एक मेख आहे, बोट आली पाहिजे. २०१० मध्ये रशियात उष्णतेची लाट आणि दुष्काळ आला, त्यांनी गव्हाची निर्यात थांबवली आणि जगभर भाव चढले, आणि इजिप्तसारखा आयातीवर जगणारा देश लगेच कात्रीत सापडला. म्हणजे नाईलच्या काठावरच्या माणसाची पाण्याची सुरक्षितता निम्मी रशियातल्या पावसावर अवलंबून. हे नकाशावर दिसत नाही.

आता नळाचं. इथे "अवलंबून आहे" असंच म्हणावं लागतं, पण कशावर ते नीट सांगता येतं: धरणात साठवायची जागा किती आणि नदीतून त्या महिन्यात वाहतं किती, या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर.

जम्मू-काश्मीरमध्ये चिनाबवर भारताने बांधलेल्या बगलिहार धरणाचं उदाहरण घ्या. पाकिस्तानने आक्षेप घेतल्यावर प्रकरण तटस्थ तज्ज्ञाकडे गेलं आणि २००७च्या निर्णयात तिथली वापरता येणारी साठवण सव्वातीन कोटी घनमीटरच्या आसपास ठरली. ऐकायला प्रचंड वाटतं. पावसाळ्यात नदीला २००० क्युमेक, म्हणजे सेकंदाला २००० घनमीटर पाणी आहे असं धरा, तर तासाला ७२ लाख घनमीटर झालं आणि ही सगळी जागा साडेचार तासात भरून जाईल. त्यानंतर दरवाजे उघडल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर पाणी धरणावरून जाईल. मग हिवाळ्यात या, नदी २०० क्युमेकवर आलीय असं धरा. तीच जागा भरायला आता पंचेचाळीस तास लागतील आणि ते जवळपास दोन दिवस खाली नदी कोरडी दिसेल. वर्षाच्या हिशोबात यातलं काहीच मोजण्याइतकं नाही, पण खालच्या शेतकऱ्याचं कालव्याचं आवर्तन नेमकं त्या दोन दिवसात असेल तर त्याच्यासाठी नळ बंदच झाला की. आणि दोन दिवसांनी न कळवता एकदम सोडलं तर पात्रात उतरलेली माणसं, गुरं वाहून जाऊ शकतात. म्हणून मी म्हणतो की वरच्याच्या हातात बहुतेक वेळा पाणी नसतं, वेळ असते.

सगळीकडे असं छोटं प्रकरण नाही हेही खरं. इथिओपियाचं निळ्या नाईलवरचं मोठं धरण, २०११ ला सुरू झालेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं, ते ७४ अब्ज घनमीटरचं आहे. निळ्या नाईलचा वर्षाचा सरासरी येवा ५० अब्जाच्या आसपास, म्हणजे दीड वर्षाची नदी आत मावते. तरीसुद्धा ते वीजनिर्मितीचं धरण आहे, वीज करायची तर पाणी टर्बाइनमधून खाली सोडावंच लागतं, पाणी धरून बसलं तर त्यांचंच नुकसान. मग इजिप्तचा जीव कशात अडकलाय? लागोपाठ तीन-चार वर्षं दुष्काळ पडला तर इथिओपिया दरवर्षी किती सोडणार आणि नंतर धरण पुन्हा भरताना किती धरणार, या नियमात. वाटाघाटी वर्षानुवर्षं त्याच मुद्द्यावर येऊन थांबल्या. इजिप्त ज्या १९५९च्या कराराचा आधार घेतं त्यात वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर इजिप्तला आणि १८.५ सुदानला असं वाटप आहे, आणि ज्या डोंगरातून यातलं बहुतांश पाणी येतं त्या इथिओपियाला त्या टेबलावर बोलावलंच नव्हतं. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी समजण्यासारखं आहे, फक्त १९५९चा आकडा ब्रह्मवाक्य धरून पुढे जाता येणार नाही.

वेळेचं भांडण याहून स्वच्छ कुठे बघायचं असेल तर मध्य आशियात बघा. सिर दर्याच्या वरच्या अंगाला किर्गिझस्तानचं तोक्तोगुल धरण आहे. सोव्हिएत काळात व्यवहार सोपा होता, उन्हाळ्यात पाणी खाली सोडायचं, त्यावर उझबेकिस्तान आणि कझाकस्तानचा कापूस पिकायचा आणि हिवाळ्यात खालून कोळसा, गॅस वर यायचा. देश वेगळे झाले, इंधनाचे पैसे बाजारभावाने मागितले जायला लागले, मग किर्गिझस्तानने काय करावं? थंडीत वीज हवी म्हणून हिवाळ्यात पाणी सोडायला सुरुवात केली. परिणाम असा की हिवाळ्यात खाली गोठलेल्या पात्रात पूर आणि उन्हाळ्यात शेतीला टंचाई. वर्षभरात वाहिलेलं पाणी साधारण तेवढंच. कोणी चोरलं नाही, कोणी नळ बंद केला नाही, महिने बदलले फक्त.

आता ज्या गोष्टीशी माझं रोजचं काम आहे त्याबद्दल जरा लांबण लावतो. नदीत किती पाणी वाहतंय हे बहुतेक ठिकाणी रोज थेट मोजत नाहीत. काठावर मोजपट्टी असते, तिच्यावर पातळी वाचतात आणि आधी केलेल्या मोजमापांवरून बनवलेल्या रेटिंग कर्व्हवरून इतक्या पातळीला इतका विसर्ग असा आकडा काढतात. मोठा पूर येऊन गेला की तळातली वाळू हलते, कुठे खोल होतं कुठे भरतं, आणि मग त्याच पातळीला विसर्ग वेगळा येतो. कर्व्ह नव्याने बांधेपर्यंत आकडे पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणं ही नेहमीची बाब. त्यात दोन केंद्रांच्या मधे बाष्पीभवन, झिरपणं, काठावरचे पंप. म्हणजे सीमेच्या अलीकडचा इंजिनियर आणि पलीकडचा इंजिनियर दोघंही प्रामाणिक असले तरी आकडे जुळत नाहीत. दोन्ही पथकांनी एकत्र एका बोटीतून मोजलं तर वाद संपतो, वेगवेगळं मोजून कागद पाठवले तर दुसऱ्या दिवशी पेपरात "पाणीचोरी" छापून येतं.

हेलमंद नदीवर नेमकं हेच झालं. १९७३च्या करारात अफगाणिस्तानने इराणला सेकंदाला सरासरी २६ घनमीटर पाणी द्यायचं ठरलं, पण ते 'सामान्य पाण्याच्या वर्षात', आणि वर्ष सामान्य आहे की नाही हे वरच्या भागातल्या देहरावुद इथल्या मापनकेंद्रावरून ठरवायचं. पाणी कमी आलं तर हिस्सा त्या प्रमाणात कमी. करार म्हणून ही तरतूद चांगली आहे, टंचाईचा विचार त्यात आहे. पण इराण म्हणतं तुम्ही अडवलंत, अफगाणिस्तान म्हणतं वरच पाणी नाही, इराण म्हणतं मग आमच्या माणसांना बघू द्या. मे २०२३ मध्ये सीमेवर गोळीबार झाला आणि दोन्हीकडची माणसं मेली. त्या गोळीबाराचं तात्कालिक कारण काय यावर दोन्हीकडच्या गोष्टी वेगळ्या आहेत, पण आधीचे कित्येक आठवडे तणाव वाढत होता तो याच वादातून.

म्हणूनच दोन देशांचं बिनसलं की मी आधी डेटा येतोय का ते बघतो. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव चालू असताना ब्रह्मपुत्रेचा पावसाळ्यातला डेटा चीनकडून भारताला आला नाही, चीनने केंद्रांच्या दुरुस्तीचं कारण दिलं, पुढच्या वर्षी डेटा परत सुरू झाला. सिंधू करार १९६०चा, १९६५, १९७१ आणि कारगिल यातून टिकला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. तेव्हा सगळीकडे "पाणी तोडलं" अशी चर्चा होती, पण वरचं गणित पाहिलंत तर लक्षात येईल की पश्चिमेकडच्या नद्या (सिंधू, झेलम, चिनाब) थांबवण्याइतकी साठवण आज तिथे नाहीच, ती बांधायला बरीच वर्षं जातील. लगेच बदललं ते हे की नियमित आकडे देणं आणि नव्या कामांची आगाऊ माहिती देणं यांचं बंधन भारताने मानणं थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताकडून पाकिस्तानला पुराचा इशारा करारातल्या सिंधू आयोगाऐवजी उच्चायुक्तालयामार्फत गेला. इशारा गेला हे चांगलंच झालं, पण इशारा देणं मर्जीवर आलं की खालच्या बाजूला नियोजन कशावर करणार?

मग क्लायमेट चेंज यात कुठे बसतो. बहुतेक लोक समजतात की त्याने पाणी 'कमी' होतं. काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी वाढतं, पण सगळीकडे एक गोष्ट होते, जुन्या आकड्यांवरचा भरवसा जातो. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस धो धो पडतो आणि मधली उघडीप जास्त सुकवते. बर्फ लवकर वितळतं, म्हणजे डोंगरावरचं फुकटचं धरण महिनाभर आधीच रिकामं व्हायला लागतं. हिमनद्यांचं तर विचित्र आहे, वितळण्याचा वेग वाढल्याने काही दशकं नदीला उलट जास्त पाणी दिसतं, सगळे खूश असतात, आणि मग ते उतरायला लागतं. यातही नदीनदीत फरक आहे. सिंधूच्या वरच्या भागात बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्याचा वाटा मोठा, गंगेत तो बराच कमी, तिथे मॉन्सूनच राजा. दोन्हीला एकच वाक्य लावणारा लेख दिसला तर पुढे वाचू नका.

आम्ही जलविज्ञानवाले धरणं आणि वाटप एका गृहीतकावर करत आलो, मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत नदी जशी वागली तशीच पुढे वागेल. ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल एवढं पाणी, काढतो ते याच गृहीतकावर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर हे गृहीतक कसं गळ्याशी येतं ते बघायला मिळतं. १९२२च्या करारात वरच्या आणि खालच्या राज्यांना वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) दिलं, १९४४ मध्ये मेक्सिकोला १५ लाख, एकूण १ कोटी ६५ लाख. ज्या वर्षांचे आकडे बघून हे ठरलं ती वर्षं नेमकी जास्त पावसाची होती. २००० नंतर त्या नदीची सरासरी सव्वा कोटीच्या आसपास आहे. कागदावर वाटलेलं पाणी नदीत नाहीच आणि त्या राज्यांकडे पैसा, कोर्टं, इंजिनियर सगळं असूनही ते पाण्यासाठी एकमेकांशी वर्षानुवर्षं झगडतायत. मग ज्या खोऱ्यात यातलं काही नाही तिथे काय होत असेल याची कल्पना करा.

म्हणून मोठ्या युद्धापेक्षा मला छोट्या मारामाऱ्यांची काळजी जास्त वाटते. एप्रिल २०२१ मध्ये किर्गिझ-ताजिक सीमेवर एका पाणीवाटप केंद्रापाशी खांबावर सीसीटीव्ही कॅमेरा बसवण्यावरून वाद झाला, आधी दगडफेक, मग सैन्य, आणि दोनतीन दिवसात पन्नासहून जास्त माणसं मेली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात विहिरी आणि कुरणांवरून गुराखी आणि शेतकरी यांच्यात होणाऱ्या हत्या आंतरराष्ट्रीय बातम्यांत क्वचितच येतात. अशा ठिकाणी दुष्काळ हे कारणांपैकी एक असतं, एकमेव कधीच नसतं. सीरियाचं उदाहरण सगळे देतात, २००६ नंतरचा भीषण दुष्काळ, गावं रिकामी झाली, मग २०११चा उठाव. पण त्याआधी वर्षानुवर्षं भूजल उपसून संपवलं होतं, २००८-०९ मध्ये डिझेल आणि खताची सबसिडी काढली, आणि दुष्काळ शेजारच्या देशांतही होता तिथे यादवी झाली नाही. संशोधकांमध्ये यावर जोरदार मतभेद आहेत आणि मी स्वतः "दुष्काळामुळे सीरियाचं युद्ध झालं" हे वाक्य कधी वापरत नाही.

आणखी एक गोष्ट बाऊ या सदरात अजिबात टाकू नका. पाण्यासाठी युद्ध होवो न होवो, युद्ध लागलं की पाण्याची सोय निशाण्यावर येते. १९३८ मध्ये जपानी सैन्य रोखायला चिनी सरकारने स्वतःच पीत नदीचे बांध फोडले, त्यात त्यांचेच लाखो लोक मेले. २०१४ मध्ये युक्रेनने क्रायमियाला जाणारा कालवा बांध घालून बंद केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने तो बांध उडवला, आणि ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं तेव्हा १८ अब्ज घनमीटरचा जलाशय काही दिवसात रिकामा झाला आणि त्यावर चालणारं सिंचनही संपलं. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या जोडकरारात धरणं आणि पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणा यांना संरक्षण आहे. पण पंपिंग स्टेशनची वीज तोडली तरी शहर तहानलेलं राहतं, आणि त्याला हल्ला म्हणायचं की नाही यावरच वाद होतात.

चाललेली उदाहरणं आहेत का? आहेत. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संस्था काढली आणि मनांतालीचं धरण तिघांच्या मालकीचं ठेवलं, मालीच्या हद्दीत असूनही. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तपात होऊन संबंध तुटले तरी संस्था टिकली. तिथे पाणी घनमीटरात वाटलेलं नाही, फायदा वाटलाय, वीज इतकी, सिंचन इतकं, खर्च इतका. कोरड्या वर्षात सगळ्यांचंच कमी होतं. हे सगळीकडे जमेल असं नाही, तिथे तिघांनाही एकाच वेळी धरण हवं होतं, ती परिस्थिती विरळा असते.

तर पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा काय शोधायचं? धरणाची क्षमता दिली असेल तर शेजारी नदीचा त्या महिन्याचा विसर्ग दिलाय का. करारात तुटीच्या वर्षाचा नियम आहे का. आणि आकडे कोण मोजतं, एकत्र की वेगवेगळे. सराव करायचा असेल तर भारत-बांगलादेशचा गंगा करार घ्या, १२ डिसेंबर १९९६चा, ३० वर्षांचा, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ची. जानेवारी ते मे दर दहा दिवसांनी पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावरचं पाणी कसं वाटायचं याचा तक्ता त्यात आहे: ७० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा कमी आलं तर निम्मं निम्मं, ७० ते ७५ हजारात बांगलादेशला ३५ हजार, त्यावर गेलं तर भारताला ४० हजार. शिवाय पाणी ५० हजाराच्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी तातडीने बोलायचं, एवढंच लिहिलंय, तेव्हा नक्की कोणी किती घ्यायचं ते लिहिलेलं नाही. तक्त्यामागची सरासरी १९४९ ते १९८८ या वर्षांची आहे. पुढच्या करारात ही वर्षं बदलतात का आणि ५० हजाराच्या खालची ओळ भरली जाते का, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्यात तरी पुरे.